आक्स दोन – येहेर

अमळनेरात, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर
दहा बाय चौदाची ही खोली.
भिंतींना गोधड्या,
मधोमध सुरतेहून टेम्पोत आणलेलं
सोळा चॅनेलचं कन्सोल.
नववा चॅनेल मुका. बाकीचे बोलतात.

नॉबखालच्या चिकटपट्टीवर
झांबर भारंबेंचं निळं बॉलपेन
अजून पुसलं नाही मी :
आक्स एक – कान.
आक्स दोन – येहेर.

रिव्हर्ब हा शब्द त्यांनी तोंडात घेतला नाही कधी.
"येहेर दे थोडी," म्हणायचे,
"लई खोल नको, पायऱ्यांपर्यंत."
आणि तर्जनीनं नॉब असा फिरवायचे
जसं केळीच्या वाफ्याचं तोंड
एका पायानं मातीचं ढेकूळ सारून
कोणी उघडतं, न बघता.

"कानाचा सेंड प्री ठेव, बापू.
तू इकडं फेडर वर नेशील, पाडशील,
गाणाऱ्याला त्याचा पत्ता लागता कामा नये.
ज्याचा गळा त्याचा कान.
मधे आपला हात नको."

आज सुपडाबाई.
शिरपूरच्या कंपनीवाल्याला हळदीची चार गाणी हवीत,
कोरडी, निव्वळ आवाज,
बाकीचं तो डीजेसाठी तिकडंच चढवणार.
पंखा बंद. मे महिना.
हेडफोन तिनं पदरावरूनच घातला,
दोन ओळी म्हटल्या, थांबली.
"भाऊ, मना आवाज मालेच ऐकू येत नही."

मग आक्स दोन उघडला.
रिटर्न मेनला जोडला नाही,
फक्त तिच्या कानाला.
डिस्कवर कोरडं, कानात ओलं.
अशी लबाडी दिवसातून दहादा करतो मी,
पण काचेपलीकडं तिची मान
जरा कलली,
जसं कोणी काठावरून वाकून बघावं,
आणि आवाज
आपणहून खाली उतरला.

दुसऱ्या कडव्यात सुरत पॅसेंजर आली.
थांबलो. गेली.
पुन्हा पहिल्यापासून.
तिसऱ्या टेकला सगळं बसलं,
बांगड्यांसकट.

ती माठाकडं गेली, माइक चालूच.
मला काय सुचलं, कोण जाणे.
आक्स दोनही प्रीवर टाकला,
रिटर्न माझ्या मॉनिटरवर घेतला
आणि तिचा फेडर
हळूहळू तळाला नेला.

बाई गेली.
येहेर राहिली.
पेला ठेवल्याचा आवाज आला
पेल्याशिवाय.
बांगडी नाही, बांगडीच्या पलीकडचं काहीतरी
दगडादगडावर आपटत वर येत होतं.
झांबरकाका ज्या खुर्चीत बसायचे
तिच्यावर आता केबलची वेटोळी असतात.
मागच्या चैत्रापासून.

काचेत सुपडाबाईचे ओठ हलत होते.
काहीतरी विचारत होती मला,
आणि माझ्याकडं नुसतं
विचारल्याचं उरलेलं पोचत होतं.
फेडर वर घेतला.

"...इचारी ऱ्हायनू ना भाऊ,
हाई कोना मयानी येहेर शे?"

पट्टी तिला तिथून दिसत नाही.
दिसली तरी तिला वाचता येत नाही.
टॉकबॅकवर बोट ठेवून
बराच वेळ तसाच बसलो.
मग म्हटलं,
"यावलकडची."

तिनं मान हलवली,
त्यात नवल असं काहीच नसल्यासारखी.
हेडफोन काढता काढता
माइकपासून तोंड वळवून,
म्हणजे सहा डेसिबल तरी खाली,
"पानी शे का आते तिले?"

मी बटण सोडलं होतं.
खाली दुकानात कोणीतरी
नव्यानं गुंडाळलेली पाण्याची मोटार
कोरडीच चालवून बघत होतं.